फायर पंपाचा डिस्चार्ज आणि हेड: शेवटच्या व्हॉल्व्हपासून टाकीपर्यंत उलटा हिशोब

चौदाव्या मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे फायरच्या उभ्या पाइपावरच्या नळाला, गेज लावला, खाली पंप सुरू करायला सांगितलं आणि वरच्या दोन मजल्यांवरून पूर्ण पाणी सोडलं. काटा दोन बारच्या आसपास येऊन थांबला. हवे होते साडेतीन. सोसायटीचे सेक्रेटरी शेजारी उभे होते, म्हणाले, "साहेब, पंप तर नवा आहे. प्लेटवर २२८० लिटर लिहिलंय की."

प्लेट खरी होती आणि पंपही चांगला होता, चुकला होता तो हिशोब. "इमारत ४२ मीटर, वर दाबाचे ३५ मीटर, झाले ७७, मग ८० मीटर हेडचा पंप घ्या," असा तीन ओळींचा तो हिशोब होता. (हेड म्हणजे पंपाचा दाब, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेला.) हीच चूक मला वारंवार दिसते. डिस्चार्ज, म्हणजे पंप मिनिटाला किती पाणी देतो तो आकडा, तक्त्यातून उचलला जातो, हेड उंचीवरून ठरतं आणि मधल्या पाइपांचा कोणी विचारच करत नाही. म्हणून तीच इमारत उदाहरणाला घेऊन पूर्ण हिशोब मांडतो. दिशा मात्र उलटी ठेवायची. सर्वात दूरच्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करून पंपाकडे आणि तिथून टाकीकडे यायचं.

हा लेख वाचून तुम्ही केलेला हिशोब परवानाधारक एजन्सीच्या डिझाइनची जागा घेणार नाही. पण एजन्सीने दिलेला हिशोब तपासायला आणि योग्य प्रश्न विचारायला तो नक्की पुरेल.

१. आधी कागद, मग कॅल्क्युलेटर

ही चार कागदपत्रं हातात नसतील तर बसूच नका:

- फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र. त्यात पंपाचा डिस्चार्ज, टाकीची क्षमता आणि कोणत्या यंत्रणा हव्यात ते लिहिलेलं असतं. हे आकडे एनबीसी २०१६ (राष्ट्रीय इमारत संहिता) च्या भाग ४ मधल्या तक्ता ७ मध्ये इमारतीचा वापर आणि उंची यांवरून दिलेले आहेत. पण तुमच्या इमारतीला लागू होते ती तुमची एनओसी, शेजारच्या टॉवरची नव्हे.
- पाइपांचा प्रत्यक्ष बसवलेला नकाशा. मंजूर नकाशा आणि साइटवरचं काम यांत फरक असतोच.
- पंपाचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या प्रवाहाला किती हेड मिळतं त्याचा आलेख. माहितीपत्रकातला नमुना नको, तुमच्या पंपाच्या क्रमांकाचा हवा.
- टाकीची आतली मापं.

मग टेप घेऊन रायझरचा, म्हणजे मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाइपाचा, व्यास स्वतः मोजा. आमच्या उदाहरणात नकाशावर रायझर १५० मिमीचा होता, साइटवर १०० मिमीचा निघाला. रंग लाल, क्लॅम्प नीटनेटके, त्यामुळे नुसत्या नजरेला काहीच खटकत नाही.

सावधान, एककं: १ बार म्हणजे १०.२ मीटर पाणी. १ घनमीटर प्रति तास म्हणजे १६.६७ लिटर प्रति मिनिट. जुन्या किंवा परदेशी माहितीपत्रकात गॅलन असतील तर कोणते गॅलन ते विचारा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. ६०० अमेरिकी आणि ५०० ब्रिटिश गॅलन जवळपास सारखेच, दोन्ही साधारण २२७० लिटर. इथे घोळ झाला तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही पंप चुकतो.

२. डिस्चार्ज ठरवा

हायड्रंटसाठी, म्हणजे नळी जोडून आग विझवायच्या नळांसाठी, एनओसीतला आकडा धरा. आपल्या उदाहरणात २२८० लिटर प्रति मिनिट, म्हणजे ताशी १३६.८ घनमीटर. हा आकडा नुसता लिहून पुढे जाऊ नका, तो किती नोझलना पुरतो ते पाहा. नोझलचा डिस्चार्ज काढायचं सोपं सूत्र असं:

लिटर प्रति मिनिट = २/३ × (नोझलच्या व्यासाचा वर्ग, मिमी) × (नोझलवरच्या दाबाचं वर्गमूळ, बार)

२० मिमीच्या नोझलवर ३.५ बार असतील तर ०.६६७ × ४०० × १.८७, म्हणजे सुमारे ५०० लिटर. म्हणजे २२८० लिटरमध्ये अशी चार नोझल व्यवस्थित चालतात. नोझलवरचा दाब व्हॉल्व्हवरच्या दाबापेक्षा कमीच असतो, कारण काही दाब होजमध्ये (नळीत) खर्च होतो. नोझलवर २.५ बार उरले तर तेच नोझल ४२० लिटरच्या आसपास देतं.

स्प्रिंकलरचा, म्हणजे छतावरच्या, उष्णतेने आपोआप उघडणाऱ्या फवाऱ्यांचा, हिशोब वेगळा. तिथे फवाऱ्याची घनता (दर चौरस मीटरला मिनिटाला किती पाणी) आणि एकाच वेळी उघडतील असं धरलेलं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करायचा. समजा बेसमेंट पार्किंगच्या डिझाइनमध्ये मिनिटाला ५ मिमी (चौरस मीटरला ५ लिटर) आणि २१६ चौरस मीटर दिलं आहे. ५ × २१६ = १०८० लिटर प्रति मिनिट. एक स्प्रिंकलर १२ चौरस मीटर सांभाळत असेल तर १८ स्प्रिंकलर, प्रत्येकी ६० लिटर.

इथे बहुतेक जण थांबतात. पण १०८० हा कागदावरचा किमान आकडा आहे. स्प्रिंकलरचा डिस्चार्ज म्हणजे के-गुणांक (स्प्रिंकलरच्या छिद्राच्या मापावर ठरणारा आकडा) × दाबाचं वर्गमूळ. ८० के-गुणांकाच्या स्प्रिंकलरमधून ६० लिटर यायला ०.५६ बार लागतात. हे झालं सर्वात दूरच्या स्प्रिंकलरचं. पंपाच्या जवळच्या स्प्रिंकलरवर दाब १ बार असेल, तर तो ८० लिटर सोडणार. त्याला कोणी अडवत नाही. त्यामुळे खरा प्रवाह किमानपेक्षा जास्तच भरतो. प्रत्येक स्प्रिंकलरचा हिशोब करणार नसाल तर निदान १० ते २० टक्के वाढवा. १५ टक्के धरले तर १०८० चे सुमारे १२४० होतात.

बेरीज करताना होणाऱ्या चुका:

- हायड्रंट आणि स्प्रिंकलर यांचे पंप वेगळे असतील तर दोन्ही हिशोब वेगळे ठेवा. दोन्हींसाठी एकच पंप असेल, तरच बेरीज करा.
- डिझेल पंप मुख्य इलेक्ट्रिक पंपाला पर्याय म्हणून असतो. त्याचा डिस्चार्ज मिळवायचा नाही. "आमच्याकडे ४५६० लिटर आहेत" असं अभिमानाने सांगणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. आहेत २२८०च.
- जॉकी पंप गळतीतून उतरलेला दाब भरून काढतो. त्याचे १८० लिटर आगीच्या हिशोबात येत नाहीत.

३. सर्वात अवघड टोक शोधा

सर्वात वरचा व्हॉल्व्ह हाच सर्वात अवघड असेल असं धरून चालू नका. पोडियमच्या दुसऱ्या टोकाला, शंभर-दीडशे मीटर पाइप ओलांडून असलेला हायड्रंटही त्याला मागे टाकू शकतो. शंका असेल तर दोन्ही टोकांचा हिशोब करा आणि जास्त हेड मागेल ते धरा.

आता उभी उंची. ती जमिनीपासून मोजायची नाही, पंपाच्या मध्यरेषेपासून मोजायची. आपल्या इमारतीत वरचा व्हॉल्व्ह जमिनीपासून ४२ मीटरवर आहे आणि पंप बेसमेंटमध्ये, जमिनीच्या ३ मीटर खाली. म्हणून उंची ४५ मीटर. सोसायटीच्या हिशोबात हे तीन मीटर गायब होते.

टाकी पंपाच्या बरोबरीने किंवा थोडी वर असेल तर भरलेल्या पाण्याच्या उंचीचा फायदा धरू नका. आग विझवताना टाकी रिकामी होत जाते. शेवटच्या मिनिटाला जी पातळी असेल, तीच खरी.

टोकाला उरायला हवा असलेला दाब ३.५ बार, म्हणजे ३५.७ मीटर.

४. घर्षण: इथेच हेड हरवतं

पाण्याच्या पाइपांसाठी हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात:

बार प्रति मीटर = ६,०५,००० × (प्रवाहाचा १.८५ वा घात) ÷ (सी-गुणांकाचा १.८५ वा घात × आतल्या व्यासाचा ४.८७ वा घात)

प्रवाह लिटर प्रति मिनिटात आणि व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा. सी-गुणांक म्हणजे पाइप आतून किती गुळगुळीत आहे त्याचा आकडा, स्टीलच्या पाइपाला तो १२० धरा. व्यास आतला घ्या. १५० मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या मध्यम जाडीच्या पाइपाचा आतला व्यास सुमारे १५५ मिमी असतो, १०० मिमीच्या पाइपाचा सुमारे १०५.

२२८० लिटरसाठी आकडे असे येतात:

- १५० मिमी पाइप: मीटरला ०.००३ बार, म्हणजे १०० मीटरला ०.३ बार
- १०० मिमी पाइप: मीटरला ०.०२ बार, म्हणजे १०० मीटरला २ बार

व्यास दोन-तृतीयांश झाला की घर्षण साडेसहा पटींहून जास्त होतं. ४.८७ व्या घाताचा हा परिणाम. पाइप एक माप लहान घेऊन वाचवलेले पैसे इथे परत द्यावे लागतात.

आता लांबी. पाइपाच्या सरळ लांबीत फिटिंगची समतुल्य लांबी मिळवा. १५० मिमीसाठी साधारण अशी: ९० अंशांचा एल्बो ४.३ मीटर, पाणी वळणारा टी ९.१ मीटर, बटरफ्लाय व्हॉल्व्ह ३ मीटर, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह ९.८ मीटर. आपल्या इमारतीत ८ एल्बो, २ टी, ३ बटरफ्लाय आणि १ नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता:

३४.४ + १८.२ + ९ + ९.८ = ७१.४ मीटर

नकाशावर पाइप दिसतो १६५ मीटर, त्यातला १२० मीटर आडवा आणि ४५ मीटर रायझर. पाण्याला मात्र तो २३६ मीटर वाटतो.

संपूर्ण रायझर १५० मिमीचा असता तर: २३६ × ०.००३०२ = ०.७१ बार, म्हणजे ७.३ मीटर.

प्रत्यक्षात रायझर १०० मिमीचा होता. आडवा भाग आणि फिटिंग मिळून १९१ मीटरला ०.५८ बार, रायझरच्या ४५ मीटरला ०.९१ बार. एकूण १.४९ बार, म्हणजे १५.२ मीटर.

या इमारतीत जिना एकच आणि रायझरही एकच, म्हणून पूर्ण प्रवाह त्यातून वर नेला. दोन रायझर असतील आणि प्रवाह त्यांत विभागत असेल, तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा करा. प्रवाह निम्मा झाला की घर्षण निम्म्यावर थांबत नाही, साधारण २८ टक्क्यांवर उतरतं.

तपासा: तुमच्या हिशोबात घर्षणाची ओळ आहे का? "१० टक्के धरले" असं लिहिलेलं असेल तर तो हिशोब परत करा. आमच्या इमारतीत ७७ चे १० टक्के धरले असते तर ७.७ आले असते. लागत होते १५.२.

५. हेडची बेरीज

जसं काम झालं होतं, तसं:

उंची ४५ + टोकाचा दाब ३५.७ + घर्षण १५.२ = ९५.९ मीटर

पंप होता ८० मीटरचा. कमी पडले सुमारे १६ मीटर, म्हणजे १.५७ बार. साडेतीनमधून तेवढे वजा केले की राहतात १.९. गेजचा काटा दोनपाशी का थांबला त्याचं हे उत्तर.

दोन मार्ग होते. १०० मीटरच्या वरचा मोठा पंप घ्यायचा किंवा रायझर बदलायचा. मी रायझर बदलायचा आग्रह धरला. मोठ्या पंपाने वरचा मजला सुटतो, पण खालच्या मजल्यांवर दाब आणखी चढतो आणि तिथे नळी धरणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होतो. रायझर १५० मिमीचा केल्यावर:

४५ + ३५.७ + ७.३ = ८८ मीटर. पाइप जुने होणार म्हणून ५ टक्के वाढवले, ९२.४ झाले. ८० चा पंप यालाही अपुराच होता, म्हणून निवडला ९५ मीटरचा.

सावधान: वाढ एकदाच करा. सल्लागार १० टक्के वाढवतो, ठेकेदार १० टक्के आणि विक्रेता वरचं माप देतो. ८८ चे ११५ कसे झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

६. पंपाचा कर्व्ह आणि मोटर

फायर पंपाकडून कर्व्हवर तीन बिंदू मागा:

- व्हॉल्व्ह बंद, प्रवाह शून्य: हेड ठरलेल्या हेडच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त नको. ९५ मीटरला ११४ मीटर, म्हणजे ११.२ बार. ही आडव्या पंपाची मर्यादा.
- १०० टक्के प्रवाह, २२८० लिटर: ९५ मीटर, ९.३ बार.
- १५० टक्के प्रवाह, ३४२० लिटर: हेड ६५ टक्क्यांच्या खाली नको. ६१.७ मीटर, ६.०५ बार.

मोटरची ताकद मधल्या बिंदूवर काढून थांबू नका. सूत्र असं: किलोवॅट = घनमीटर प्रति तास × हेड ÷ (३६७ × कार्यक्षमता). १०० टक्के प्रवाहाला कार्यक्षमता ६८ टक्के असेल तर १३६.८ × ९५ ÷ (३६७ × ०.६८) = ५२ किलोवॅट. ५५ किलोवॅटची मोटर पुरेल असं वाटतं. पण १५० टक्क्यांना कर्व्हवर कार्यक्षमता ६० टक्के दिसत असेल, तर २०५.२ × ६१.७ ÷ (३६७ × ०.६०) = ५७.५ किलोवॅट. नेमकी जास्त नळ्या उघडल्या की ५५ किलोवॅटच्या मोटरवर जादा भार येतो. पुढचं माप घ्या. डिझेल इंजिनालाही हाच नियम.

७. सक्शन आणि टाकी

सक्शन पाइपात, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाइपात, पाण्याचा वेग सेकंदाला १.५ ते १.८ मीटरच्या आत ठेवा आणि तो १५० टक्के प्रवाहाला तपासा. ३४२० लिटरला २०० मिमीच्या पाइपात वेग सुमारे १.७ येतो, १५० मिमीच्या पाइपात ३ मीटर. १५० चा सक्शन चालणार नाही. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) एकसेंट्रिक, म्हणजे एक बाजू सपाट असलेला, लावा, सपाट बाजू वर. उलटा लावला तर वरच्या कोपऱ्यात हवा साठते.

टाकी ७५,००० लिटरची. भागिले २२८०, म्हणजे जवळपास ३३ मिनिटं. आता टाकीत उतरा आणि सक्शनचं तोंड तळापासून किती वर आहे ते मोजा. ६ × ५ मीटरच्या टाकीत तळाचं ४० सेंटिमीटर पाणी उचललं जात नसेल, तर १२,००० लिटर कमी झाले. राहिले ६३,०००, म्हणजे साडेसत्तावीस मिनिटं. हे पाणी टाकीत दिसतं, पण पंपाला मिळत नाही. सक्शनसाठी खड्डा करून घेणं हा यावरचा उपाय.

तपासा: घरगुती पाण्याचा पंप याच टाकीतून ओढतो का? ओढत असेल तर त्याचा सक्शन फायरच्या राखीव पातळीच्या वर असायला हवा.

८. खालच्या मजल्यांचा दाब

स्टिल्टवरचा व्हॉल्व्ह पंपापेक्षा ४ मीटर वर. प्रवाह शून्य असताना तिथे ११० मीटर, म्हणजे १०.८ बार. हायड्रंटवर ७ बारपेक्षा जास्त दाब नको, नाहीतर नळी आवरत नाही. सोपा उपाय म्हणून ऑरिफिस प्लेट (मध्ये भोक असलेली चकती) बसवतात. पण एक लक्षात ठेवा: ऑरिफिस प्लेट पाणी वाहत असतानाच दाब उतरवते. नोझल बंद केलं की नळीत पूर्ण दाब चढतो. बंद स्थितीतही दाब मर्यादेत हवा असेल तर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लागतो. तो कोणत्या मजल्यांवर लावायचा हे मजलानिहाय दाब काढून ठरवा, अंदाजाने नव्हे.

९. चाचणी

हिशोब बरोबर आहे का ते शेवटी गेजच सांगतो. क्रम असा ठेवा:

१. डिलिव्हरी आणि सक्शन दोन्ही बाजूंना तपासलेले गेज लावा. हेड म्हणजे दोन्ही गेजमधला फरक.
२. टेस्ट लाइनवर फ्लो मीटर असेल तर पाणी परत टाकीत सोडून शून्य, १०० आणि १५० टक्के असे तिन्ही बिंदू घ्या. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फार वेळ चालवू नका, आतलं पाणी तापतं.
३. मग सर्वात अवघड टोकाला गेज लावा, तिथूनच पाणी सोडा आणि दाब वाचा. फक्त तळमजल्यावर नळी मारून "जोरात येतंय" म्हणणं ही चाचणी नाही.
४. दाब उतरू द्या आणि सुरू होण्याचा क्रम पाहा: आधी जॉकी, मग इलेक्ट्रिक, मग डिझेल. मुख्य पंप आपोआप बंद होता कामा नये, तो माणसानेच बंद करायचा.
५. वीज बंद करून डिझेल पंपावर तिसरी पायरी पुन्हा करा. ही पायरी सर्वात जास्त वेळा गाळली जाते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्या वेळी नुसती सही घेऊ नका. तीन बिंदूंचे आकडे आणि वरच्या व्हॉल्व्हचा दाब तारखेसह मागा आणि मागच्या वेळच्या आकड्यांशेजारी ठेवा.

रायझर आणि पंप बदलल्यावर आम्ही त्याच चौदाव्या मजल्यावर, त्याच व्हॉल्व्हला पुन्हा गेज लावला. आधी इलेक्ट्रिक पंपावर, मग डिझेलवर. पूर्ण प्रवाहाला काटा ४.१ वर राहिला. तो आकडा आणि तारीख पंपरूमच्या भिंतीवर, कर्व्हच्या प्रतीखाली, रंगाने लिहून घेतली. पुढच्या जुलैत येणाऱ्या एजन्सीला तिथेच पहिली तुलना करता येईल.